सिस्टरांनी न खोडलेलं वाक्य

बत्तीस वर्षं पुरुषांचा वॉर्ड सांभाळून सिस्टर निवृत्त झाल्या, पण हात काही स्वस्थ बसेनात. घड्याळं दुरुस्त करणारा नवरा म्हणायचा, हिला एखादा पेशंट बघून द्या, नाहीतर मलाच आजारी पडावं लागेल.

पेशंट नाही, पण एक मुलगी मिळाली. वॉर्डातल्या एका जुन्या रुग्णाची लेक, मामाकडे परदेशात गेलेली. तिथल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना भरवायचं काम करायची आणि डॉक्टर व्हायचं मनात धरून होती. दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर सिस्टरांनी तिच्याकडून अभ्यास असा घोटून घेतला, की वैद्यकीय प्रवेशाची लेखी परीक्षा तिनं सहज काढली. अर्जासोबत निबंध जोडायचा होता : मला डॉक्टर का व्हायचंय. तिचा निबंध सिस्टरांना अगदीच पचपचीत वाटला. त्यांनी लाल पेन उचललं आणि जवळजवळ सगळा स्वतःच लिहून काढला.

मुलाखतीत परीक्षकांनी त्यातल्याच एका भारदस्त वाक्याचा अर्थ विचारला. प्रवेश हुकला.

"शब्द तुमचे होते, सिस्टर," ती फोनवर म्हणाली. "मला ऐन वेळी अर्थच सांगता येईना."

चिडून बोलली असती तर परवडलं असतं. तिचं ते बोलणं सिस्टरांना कपडे वाळत घालतानाही टोचत राहिलं. 'दे इकडे' म्हणत किती शिकाऊ मुलींच्या हातातून आपण सुई काढून घेतली, ते एकेक आठवायला लागलं.

पुढच्या वर्षी मुलीनं नवा निबंध पाठवला. त्यात लिहिलं होतं : वृद्धाश्रमातल्या एका आजोबांनी तोंडातली पेज तिच्या अंगावर थुंकली. तिनं वाटी आदळली, बाहेर जाऊन उभी राहिली आणि मग परत आत गेली. वाटी आदळल्याचं वाचून सिस्टरांचा हात लाल पेनाकडे गेला. असलं लिहिणारीला कोण घेणार?

"ते वाटीचं वाक्य खोडायचं का गं?"

"नको. तसंच झालं होतं."

सिस्टरांनी पेन खणात टाकलं आणि बराच वेळ या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारल्या.

मुलाखतीच्या दिवशी त्यांनी लख्ख शेगडी पुन्हा घासली, कुंड्यांना दोनदा पाणी घातलं आणि नवऱ्याचं टेबल आवरायच्या नादात त्याचा एक बारीक स्क्रू हरवला. गुडघ्यांवर बसून त्या तो स्क्रू शोधत असतानाच फोन वाजला.

"अर्धा तास वाटीवरच बोलले," मुलगी म्हणाली. "परत आत का गेलीस, विचारलं."

"मग?"

"म्हटलं, आजोबा उपाशी होते."



तीन आठवड्यांनी प्रवेशाचं पत्र आल्याचं मुलीनं व्हिडिओ कॉलवर सांगितलं. सिस्टर खुर्चीत बसल्या, डोळे पुसले आणि पुढच्याच दमात वर्ग कधी सुरू होणार, हाडं पाठ आहेत का, पाय मोडलाय की नुसता मुरगळलाय हे कसं ओळखायचं, सगळं विचारायला लागल्या. मुलगी हसली. सिस्टर मध्येच थांबल्या.

"बरं, तू सांग," त्या म्हणाल्या आणि खुर्चीचा हात घट्ट धरून ऐकू लागल्या.