फोरमनच्या चुन्याच्या खुणा

फोरमन कुणाचं नाव विचारत नसत. गिऱ्हाइकाला गाडी सुरू करायला सांगत, डोळे मिटून दोन मिनिटं आवाज ऐकत आणि मग गाडीची नव्हे, मालकाची लाज काढत. "क्लचवर पाय ठिवून गाडी चालवतूस. घरी बी असाच कुणाच्या तरी जिवावर रेलून बसत असशील." हे सगळं चारचौघांत. माणूस लालबुंद होऊन निघून जाई आणि आठ दिवसांनी मुकाट परत येई. लातुरात जीप आणि ट्रॅक्टरच्या इंजिनाला त्यांच्यासारखा दुसरा हात नव्हता.

खरं तर फोरमन ते कधीच नव्हते. एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपात चार महिने होते, तेही हेल्पर. तिथल्या खऱ्या फोरमनला "तुमच्यापरीस तुमची खुर्ची हुशार हाय, निदान गप तरी बसती" असं सुनावून ते निघून आले, आणि लोकांनी ते पद त्यांनाच देऊन टाकलं. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा ते सत्तरीला आले होते. मान वाकलेली, तोंडात पान, आणि जीभ मात्र कानशीसारखी.

माझं स्पेअर पार्टचं दुकान. वीस वर्षं मी पिस्टन आणि बेअरिंग विकत आलो, पण इंजिन म्हणून कधी खोललं नव्हतं. फोरमन मला शेवटपर्यंत 'दुकानदार' म्हणाले. त्यांच्या तोंडी ती शिवी होती. "डबीवरचा नंबर वाचून माल देतूस आन् सवताला मिस्त्री समजतूस. दवाखान्याच्या फाटकावरचा वॉचमन लोकायला गोळ्या सांगतो, तसं हाय तुझं."

देवणीच्या मामांनी गोठ्यातली जुनी गाडी मला देऊन टाकली, तिथून आमचं नातं सुरू झालं. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या, पण बॉनेटखाली सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन होतं, सहाही एका ओळीत. असलं इंजिन फोरमननीही कधी खोललं नव्हतं. मी ते नांदेडला बालाजीकडे नेणार होतो. बालाजी हा फोरमनचा एकुलता एक शिष्य. एकदा त्याने पिस्टनची रिंग उलटी बसवली म्हणून फोरमननी तुटका फॅनबेल्ट त्याच्या गळ्यात हारासारखा घातला आणि दिवसभर गिऱ्हाइकांसमोर तसाच काम करायला लावला. दुसऱ्या दिवशी बालाजी नांदेडला गेला. आज तिथे त्याचं मोठं गॅरेज आहे, आणि त्याच्या तोंडून फोरमनबद्दल कधी वाईट शब्द निघाला नाही. नेमकं हेच फोरमनना सोसत नव्हतं.

मी बालाजीचं नाव काढलं तेव्हा फोरमनच्या गॅरेजात पाच-सहा लोक होते. फोरमननी पान थुंकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे इंजिन मी बांधणार. त्याच्या दारात चालवत नेणार. न्हाई नेलं, तर पुन्हा पान्याला हात लावणार न्हाई." त्यांनी असलं काही कधी म्हटलेलं नव्हतं. मला तर अंगावर मूठभर मांस चढलं.

ते मांस आठवडाभरात उतरलं. फोरमन मला नट खोलायला लावत, आणि खोलला की विचारत, "किती आटे होते?" माहीत नसलं की परत बसवायचा, परत खोलायचा. एकदा डोळ्यांवर टॉवेल बांधून त्यांनी माझ्या हातात एकेक भाग दिला आणि ओळखायला सांगितलं. मी झडपेची स्प्रिंग ओळखली, बाकी चुकलो. गिऱ्हाइकं हसली. "हाताला डोळे न्हाईत तुझ्या," फोरमन म्हणाले, "आन् डोळ्याला तरी कुठं हायत?"

सुट्या भागांवर ते पंचने आकडे ठोकू देत नसत. "लोखंडाला जखम करायची न्हाई." कमरेच्या डबीतला पानाचा चुना बोटावर घेत आणि टिंब देत. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. इंजिनाच्या पोटात क्रँक असतो, तो सात जाड कॅपांनी खालून आवळून धरलेला असतो. त्यातल्या मधल्या पाच दिसायला अगदी सारख्या, पण प्रत्येक आपल्याच जागी घासून बसलेली. गाडी बनवणाऱ्या कंपनीचे आकडे पूर्वी कुणीतरी घासून टाकले होते. आता काय तो त्या चुन्याचाच आधार. गॅरेजात धूळ उडते म्हणून सगळे भाग माझ्या घरच्या पडवीत पोत्यावर मांडून ठेवायचा हुकूम झाला. "खुणा सांभाळ. बाकी तुला काय जमणार न्हाई, एवढं तरी जमव."

दसऱ्याच्या तोंडावर ते भाग बघायला घरी आले. सुरेखा, माझी बायको, चहा घेऊन दारात उभी होती. लग्नाला चौदा वर्षं झाली, आम्हाला मूल नाही. फोरमननी पोत्यावरच्या पिस्टनांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घरात लेकरू न्हाई म्हणून हे सहा पोसून राहिलास व्हय?" सुरेखाने कप खाली ठेवला आणि आत गेली. कप वाजला नाही. मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

खंडेनवमीला मी दुकानातली पूजा उरकून दुपारी घरी आलो, तर पडवी धुऊन निघाली होती. पोत्याऐवजी पाटावर नवं कापड. त्यावर सगळे भाग लहानमोठे लावून मांडलेले, प्रत्येकावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. सातही कॅपा चिंच लावून काथ्याने घासलेल्या, भांड्यांसारख्या लख्ख. त्यांच्यावर चुन्याचं एक टिंब उरलं नव्हतं.

"लई घाण चिकटली होती हो," सुरेखा म्हणाली. "पांढरे डाग तर निघतच नव्हते."

तिला काय बोलणार? ज्या माणसाने तिच्या वर्मावर बोट ठेवलं, त्याच्या कामाचे सुटे भाग तिने सकाळपासून घासले होते. मी संध्याकाळी दुकानाशेजारच्या टपरीवरून चुना आणला. कडेच्या दोन कॅपा ओळखू येत होत्या, मधल्या पाचांवर अंदाजाने टिंबं दिली. फोरमनना सांगायला हवं होतं. मी भ्यालो म्हणून सांगितलं नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आलोय. भ्यालो होतो हे खरंच. पण टिंबं देताना थोडी मजाही वाटली होती, हेही खरं. कळू दे म्हाताऱ्याला, असं मनात आलं होतं.

फोरमननी क्रँक बसवला, एकेक कॅप आवळली आणि प्रत्येक वेळी हाताने फिरवून पाहिलं. तिसऱ्या कॅपला त्यांचा हात थांबला.

"हितं धरून राहिलंय. खुणा बघितल्यास का?"

"बघितल्या."

"नीट?"

"तुम्ही दिल्या होत्या तशाच आहेत."

त्यांनी एकदा टिंबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मान हलवून त्यांनी तासायची पत्री उचलली आणि दोन दिवस त्या कॅपेतलं बेअरिंग बारीक-बारीक तासलं. खुणा बरोबर आहेत म्हटल्यावर चूक दुसरीकडेच असणार, असा त्यांचा हिशेब होता. क्रँक फिरू लागला. "नवं बेअरिंग हाय, चालून बसंल," ते म्हणाले. पण हे म्हणताना त्यांनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं.

इंजिन पहिल्याच दमात सुरू झालं. फोरमननी चहाची भरली बशी त्याच्यावर ठेवली. थेंब सांडला नाही. मग बशी उचलून ते चहा प्याले आणि कुणालाही काही बोलले नाहीत. त्यांना गप्प बसलेलं गॅरेजने पहिल्यांदाच पाहिलं.

नांदेडला निघताना ते धुतलेलं धोतर आणि पांढरी टोपी घालून आले. अहमदपूर मागे पडलं, लोह्याचा रस्ता लागला. तिथल्या एका चढावर खालून ठकठक सुरू झाली. फोरमननी लगेच इंजिन बंद केलं आणि गाडी कडेला घेतली. खाली उतरून इंजिन हाताने फिरवायचं हँडल घातलं. ते हललं नाही. त्यांनी अंगाचा सगळा भार टाकला, तरी हललं नाही. शेवटी मीच बालाजीला फोन लावला. दुसरं कुणाला लावणार?

बालाजी स्वतः आला, पिकअप आणि साखळी घेऊन. वाकून पाया पडला. "माझ्याजवळ पुढं बसा, फोरमन." ते बसले नाहीत. साखळीने ओढल्या जाणाऱ्या आपल्या गाडीत, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून, ते बालाजीच्या दारापर्यंत गेले. मी शेजारी होतो. सांगून टाकायला मला चांगला दीड तास मिळाला होता.

इंजिन खोललं तेव्हा तिसरं बेअरिंग वितळून क्रँकला चिकटलं होतं. बालाजीने हळूच विचारलं, "कॅपा आपापल्या जागी होत्या ना?" मी तोंड उघडायच्या आत फोरमन म्हणाले, "खुणा बरोबर होत्या. हात मला सांगत होता, मी ऐकलं न्हाई. हातच गेला माझा." मग त्यांनी खिशातला पाना काढून बालाजीच्या टेबलावर ठेवला.

बोलल्याप्रमाणे वागले. गॅरेज बंद झालं. मी दर रविवारी जायचो. ते दारात खाटेवर बसून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत. पहिले काही महिने शिव्या देत. मग शिव्याही थांबल्या, आणि त्या थांबल्यावर मला कळलं की म्हातारा आता संपला. रस्त्यावरून सैल टॅपेटचा टकटक आवाज करत जीप गेली तरी ते म्हणत, "असंल बाबा. मला काय कळतंय."

शेवटच्या रविवारी त्यांनी मला जवळ बसवलं. आवाज खोल गेला होता. उशीखालून चुन्याची डबी काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

"आजवर मी कुणालाच बरं म्हणलो न्हाई. बालाजीला बी न्हाई. आता म्हणतो, ऐक. तुला काहीच येत न्हाई, दुकानदार. पर त्या खुणा तेवढ्या तू सांभाळल्यास. चूक माझी हुती, तुझी न्हाई. लोकायनं इचारलं तर सांग."

त्या दिवशी सुरेखाही सोबत आली होती, माझ्या मागे उभी होती. तिने पदराने डोळे पुसले.

मी म्हणालो, "सांगतो."