बॉनेटवरचा निळा बिल्ला

लग्नाला महिना राहिला होता आणि आमच्या घरात एका प्लास्टिकच्या बिल्ल्याशिवाय दुसरा विषय नव्हता.

गाडी माझ्या चुलत सासऱ्यांची. आबा साक्रीकडच्या खेड्यात राहत. नजर कमी होऊन गाडी चालवणं सुटलं, तेव्हा त्यांनी ती धुळ्याला आमच्याकडे धाडली आणि माझ्या नवऱ्याकडून शब्द घेतला: गाडी होती तशी ठेवायची, नातीची पाठवणी तिच्यातूनच करायची.

नवऱ्याने हे फारच मनावर घेतलं. इंजिन झालं, पत्रा झाला. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, ते म्हणजे बॉनेटच्या नाकावरचा तळहाताएवढा बिल्ला. लाल, खडबडीत, कोपऱ्याला तडकलेला. बाजारात नवा मिळत होता, पण नवा म्हणजे डुप्लिकेट, आणि हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा उच्चारला जाई.

बिल्ला सोडवून त्याने माझ्या परातीत ठेवला. पहिल्याच दिवशी थिनर लावलं तर बिल्ल्यावरचं एक अक्षर मेणासारखं वितळून बसलं. त्या दुपारी हा माणूस जेवला नाही. मग टूथपेस्ट, मग रिठ्याचं पाणी. लालाखाली लाल, त्याखाली आणखी लाल, आणि एका रविवारी खालून निळा निघाला. "ओरिजनल!" तो ओरडला. आमचा मुलगा झाला तेव्हा एवढा आवाज निघाला नव्हता. पुढे लोखंडी पट्टी तापवून, निळ्या साबणदाणीचा तुकडा वितळवून त्याने तडा भरला. साबणदाणी माझी होती. मी बोलले, भरपूर बोलले, पण ऐकतो कोण?

पाठवणीच्या दिवशी आबांच्या गावी, मांडवाबाहेर गाडी आणि गाडीवर निळा बिल्ला, दोन्ही झगझगत होते. आबांना हाताला धरून आणलं. ते बॉनेटवर वाकले, अगदी नाक टेकवून पाहिलं आणि सरळ झाले.

"हाई मनी गाडी नही."

"आबा, तीच शे! उलट ओरिजनल करी," नवरा म्हणाला.

"मनी गाडीना कपायवर लाल व्हतं. बैल इकी टाकात, तवपाईन दर पोयाले मी सोता हिंगूय लायेल शे तिले."

गोठा रिकामा झाल्यावर पोळ्याला ओवाळायला आबांकडे ही गाडीच उरली होती. तिला धुवायची, पुरणपोळी दाखवायची आणि बैलांच्या शिंगांना लावायचा लाल हिंगूळ तिच्या बिल्ल्याला फासायचा. आम्ही महिनाभर खरवडलं ते हेच. मला हसू आलं, पण आबांकडे पाहून ते आवरलं. नातीला परक्या गाडीतून धाडावं लागणार म्हणून म्हातारा रडवेला झाला होता. नवरी उभी, वऱ्हाडाची घाई, आणि आबा रस्ता अडवून.

नवरा गोठ्याकडे गेला, कोनाड्यातला हिंगुळाचा डबा आणला आणि स्वतः झाकण उघडून आबांपुढे धरला. त्या क्षणी हा माणूस मला फार आवडला, हे सांगूनच टाकते. आबांनी बोट बुडवलं. अंदाजानेच फिरवलं, निम्मा रंग बिल्ल्यावर आणि निम्मा त्याभोवतीच्या चकचकीत पट्टीवर गेला. नवऱ्याने डोळे गच्च मिटून घेतले होते.

मग आबांनी चाचपत मागचं दार उघडलं.

"बस माय," ते नातीला म्हणाले, "आपलीच गाडी शे."