आईला अक्काच्या दारात उतरवायचं होतं: टू-व्हील की फोर-व्हील?

आमची छोटी गाडी विकायचं ठरलं ते आईच्या खुब्यामुळे. गेल्या वर्षी ती घरातच पडली, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं की खाली वाकून बसावं लागेल अशा ठिकाणी तिला बसवायचं नाही. आमच्या गाडीची सीट नेमकी तशीच होती. तिला आत बसवताना मी एका बाजूने धरायचे, नवरा नीलेश दुसऱ्या बाजूने, आणि ती डोळे मिटून घ्यायची. म्हणून उंच एसयूव्ही घ्यायची, इथपर्यंत आमचं एकमत होतं.

पुढे गाडी अडली. नीलेशला फोर-व्हील ड्राइव्ह हवी होती, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद पोचते ती. मला टू-व्हील पुरेशी वाटत होती, जिची फक्त पुढची दोन चाकं ओढतात. ती स्वस्त, पेट्रोल कमी खाणारी, आणि त्याच पैशांत सईला हवं असलेलं उघडणारं छतही मिळत होतं. सई आमची मुलगी, चौथीत आहे.

"फोर-व्हील घेऊन तू घोडबंदर रोडवर काय करणार आहेस?" मी विचारलं.

"सगळं आयुष्य घोडबंदर रोडवरच काढायचंय का?" नीलेश म्हणाला. तो रोज रात्री नदीपात्रातून गाड्या नेणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघतो.

आई सोफ्यावर मेथी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "अक्काकडे जाईल ना ती गाडी?"

अक्का म्हणजे आईची थोरली बहीण, माझी मावशी. आजी लवकर गेली, तेव्हा आईला अक्कानेच वाढवलं. ती तळ्याच्या पुढे डोंगरातल्या एका वाडीत मुलगा-सुनेबरोबर राहते. डांबरी रस्ता खाली ओढ्यावरच्या मोरीपाशी, म्हणजे छोट्या पुलापाशी, संपतो आणि तिथून वाडीपर्यंत लाल मातीचा चढ आहे. आई वॉकर घेऊन चढू शकत नाही, मावशीचे गुडघे गेलेत. ऑपरेशननंतर दोघी फक्त फोनवर भेटल्या होत्या.

माझ्या भावाकडे, प्रसादकडे, आम्ही बघत होतो तीच गाडी टू-व्हीलमध्ये आहे. दिवाळीनंतरच्या शनिवार-रविवारला जोडून सुट्टी घेतली आणि ती मागून आणली. ही वर चढली तर टू-व्हील घ्यायची, असं मी जाहीर करून टाकलं.

पहिला दिवस: मांडवा, चौल

भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट बोटीने मांडव्याला गेलो. ज्यांच्याबरोबर वयस्कर माणसं आहेत त्यांनी हाच मार्ग घ्यावा असं मी सांगेन. पेण-वडखळच्या रांगेत कंबर मोडून घेण्यापेक्षा तासभर समुद्रावर बसणं केव्हाही बरं. भाडं गाडीच्या आकारावर ठरतं; शनिवार-रविवारचं बुकिंग आधीच करून ठेवा आणि वेळेच्या बरंच आधी पोचा. आईला वरच्या मजल्यावर न्यायला वेळ लागला, पण खिडकीची जागा मिळाली. ती काचेला कपाळ टेकवून बसली आणि सईला प्रत्येक होडी दाखवत राहिली.

मांडव्याहून अलिबाग, तिथून चौल. रस्ता अरुंद, वळणांचा, मधूनमधून उखडलेला, पण कुठलीही साधी गाडी आरामात जाईल असा. चौलला नारळ-सुपारीच्या वाडीतल्या एका घरगुती मुक्कामात उतरलो. खोली तळमजल्यावर आणि संडास कमोडचा आहे, हे फोनवर दोनदा विचारून घेतलं होतं. जेवायला वालाचं बिरडं, सुरमई आणि तांदळाची भाकरी. घरच्या काकूंनी आईसाठी खुर्चीवर उशी ठेवली आणि म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंचंही झालं होतं हो खुब्याचं. भीती जायला वर्ष लागतं."

आई म्हणाली, "माझी अजून गेली नाही." हे तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे ओल्या वाळूत एक भलीमोठी गाडी दाराच्या पट्टीपर्यंत रुतली होती आणि भरतीचं पाणी मागच्या चाकांना लागत होतं. मालक सगळ्यांना सांगत होता की गाडी फोर-व्हील आहे, त्यामुळे हे व्हायलाच नको होतं. शेवटी गावातल्या ट्रॅक्टरने ओढून काढली. मी नीलेशकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं. किनाऱ्यावर गाडी नेऊ नका. मनाई तर आहेच, पण वाळूला तुमची चाकं किती चालतात याच्याशी देणंघेणं नसतं.

दुसरा दिवस: तळा आणि पुढे

पहाटे पाऊस पडला. नोव्हेंबरात कुणी मागितला नव्हता, तरी चांगला तासभर पडला. घावन आणि चहा घेऊन निघालो. रेवदंड्याचा पूल ओलांडून साळाव, तिथून खाडीच्या कडेने रोहा. हा पट्टा मला सगळ्यात आवडला. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कापून ठेवलेलं भात, आणि ओल्या पेंढ्याचा वास गाडीभर. रोह्याला पेट्रोल भरून घ्या. तळ्याच्या बाजारात आईने मावशीसाठी केळी आणि खारी बिस्किटं घेतली. पैसे तिलाच द्यायचे होते, म्हणून दुकानदाराला गाडीच्या खिडकीशी बोलावलं.

मोरीपाशी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. समोरचा चढ ओला होता, लाल, चकचकीत. फार लांब नव्हता. आमच्या सोसायटीच्या गेटपासून लिफ्टपर्यंत असेल तेवढाच. पण उभा.

नीलेशने गाडी घातली. अर्ध्यावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला, इंजिन गुरगुरलं आणि गाडी हळूच मागे घसरली, वीतभर असेल. आईने माझा हात धरला. तिची बोटं गार पडली होती.

"बस," मी म्हटलं. "खाली घे."

नीलेशने सावकाश गाडी मोरीपाशी आणली. मी बरोबर होते की तो, हा प्रश्न त्या वेळी माझ्या मनातही आला नाही. आई वरच्या वळणाकडे बघत होती. तिथे मावशीच्या घराचं निळं रंगवलेलं दार झाडांमधून दिसत होतं.

मावशीचा मुलगा, सुनीलदादा, आवाज ऐकून धावत खाली आला. "पाऊस पडला म्हनून असा झाला हा चढ. काल आला असतात तर गाडी सरळ वर." मग आईला म्हणाला, "मावशे, खुर्ची आनतो. आम्ही चौघं उचलून नेतो तुला."

"नको."

"अगं काय व्हत न्हाय."

"सुनील, नको म्हटलं ना." आईचा आवाज चढला नाही, पण हलला. "तिने मला चालायला शिकवलं. तिच्या दारात मी कुणाच्या खांद्यावरून जायची नाही."

सुनीलदादाने मान हलवली आणि वर गेला. आता काय करायचं, यावर मी आणि नीलेश कुजबुजत होतो, तेवढ्यात सई म्हणाली, "मम्मा, कोणीतरी येतंय."

मावशी येत होती. चढाच्या कडेला गवत होतं, त्यावरून, एका हातात काठी आणि दुसरा हात सुनेच्या, म्हणजे आमच्या वहिनीच्या, हातात. पाय आडवे टाकत, मध्येच थांबत. सुनीलदादा तिच्या पुढे उलटा चालत होता, पडली तर धरायला. आई खिडकीतून ओरडली, "अक्के, कशाला येतीस? पडशील." ठाण्यात इतकी वर्षं काढलेल्या माझ्या आईची भाषा त्या एका वाक्यात बदलून गेली.

मावशी तशीच खाली पोचली. नीलेशने मागचं दार उघडलं. सीटची उंची तिच्या कमरेला बरोबर आली; ती नुसती टेकली आणि सरकली. मग तिने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

"बारीक झालीस," ती म्हणाली.

"तू पन."

आम्ही सगळे गाडीपासून लांब जाऊन उभे राहिलो.

वहिनीने वरून नव्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आणली. आम्ही मोरीच्या कठड्यावर बसून जेवलो, त्या दोघी मागच्या सीटवर, एका ताटात. दुपारी ऊन कडक झालं आणि चढावरचा चकाकता थर सुकू लागला. पण आता नवा प्रश्न होता. मावशी उतरली खरी, तिला चढवायचं कसं?

नीलेश बराच वेळ मातीकडे बघत होता. म्हणाला, "चढावर गाडीचं वजन मागे जातं आणि आपली ओढणारी चाकं पुढे आहेत, म्हणून ती सुटतात. उलटी घातली तर तीच चाकं खालच्या बाजूला येतील, वजन त्यांच्यावर पडेल. मी व्हिडिओत पाहिलंय." मग थांबून म्हणाला, "पण माझं रिव्हर्स तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. आमच्या सोसायटीत दोन खांबांमधली जागा आहे आणि रोज गाडी मीच लावते.

दोघींना उतरवून मोरीच्या कठड्यावर बसवलं, सामान काढलं, माती हाताला कोरडी लागते का ते पाहिलं. मग मी रिकामी गाडी उलटी घातली. सुनीलदादा कडेच्या गवतातून हात दाखवत होता. एकदा चाक सरकलं, मग पकड बसली. मागची काच आकाशाने भरली आणि अचानक वाडीतल्या कोंबड्या दिसल्या. तशीच खाली आले, हात पुसले आणि म्हटलं, "बसा."

त्या दोघी मागे बसल्या आणि आम्ही पाठमोरे वर निघालो. मी दात आवळून आरशात बघत होते. मागून मावशी म्हणाली, "गं बाय, आपन जातोय का परत चाललोय?" आणि आई हसायला लागली. खुबा मोडल्यापासून मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं. पोट धरून, श्वास लागेपर्यंत.

वर पोचल्यावर आईने वॉकर मागितला. गाडीपासून निळ्या दारापर्यंत ती स्वतः चालत गेली. मावशी काठी घेऊन तिच्या बाजूने चालत होती. दोघींनाही कुणी धरलं नाही.

तिसरा दिवस आणि घर

रात्री मावशीकडेच राहिलो, तोवर माती पूर्ण वाळली होती. सकाळी सरळ, पहिल्या गियरमध्ये, सहज उतरलो. इंदापूरहून महामार्गाने परत. काम चालू आहे, वळवलेले रस्ते आहेत, वेळ हाताशी ठेवा.

तुम्ही मांडवा, अलिबाग, चौल, रेवदंडा, रोहा असं फिरणार असाल तर फोर-व्हीलची अजिबात गरज नाही. जास्तीचे पैसे चांगल्या टायरांवर आणि चार मुक्कामांवर खर्च करा. प्रसादची गाडीही अखेर वर चढली, त्यामुळे माझ्या अटीप्रमाणे मी जिंकलेच होते.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी नीलेश स्वतःच म्हणाला, "टू-व्हील घेऊ. चढली की."

"चढली," मी म्हटलं. "ऊन पडलं म्हणून. रिकाम्या गाडीने आधी बघता आलं म्हणून. आणि मावशीला आणखी एकदा त्या चढावरून खाली यायला मी नाही लावणार."

शोरूमला मी फोन केला आणि फोर-व्हील सांगितली. छताच्या खिडकीवरून सई दोन दिवस रुसली. वर्षातले बहुतेक दिवस ही गाडी शाळेसमोरच उभी असेल, पेट्रोलही जास्त खाईल, हे सगळं मला ठाऊक आहे. हिशोबाने मी चुकतेच आहे.

परवा संध्याकाळी मी कामावरून आले तर आई फोनवर होती. मला बघून तिने फोनवर हात ठेवला.

"अक्काला इकडे आणायची का गं, थोडे दिवस? जाईन मी पण तुझ्याबरोबर तिला घ्यायला."

ऑपरेशननंतर 'मी जाईन' असं तिने आपणहून म्हटलं, ते हे पहिल्यांदा.