विठोजींची पाठवणी

विठोजी येलहंक्याचे. घराणं जुनं, इतकं जुनं की पूर्वज कुणाबरोबर बेंगळुरात आले, हे ते दर वेळी नवं सांगत. नोकरी मात्र एकच, सरकारी कारखान्याच्या भांडारातून नटबोल्ट देण्याची. ते काम ते अशा थाटात करत, जणू खजिनाच वाटताहेत.

पण त्यांची खरी सत्ता चाले निरोप समितीवर. कारखान्याचा रिवाज असा, की अठ्ठावन्न पुरी करून निवृत्त होणाऱ्याला हार, डोक्यावर म्हैसूरी पेटा आणि मोठ्या साहेबांच्या पांढऱ्या अँबॅसडरमधून घरपोच पाठवणी. जन्मभर कारखान्याच्या बसमध्ये दांडा धरून उभा राहिलेला माणूस त्या दिवशी मागच्या सीटवर ऐसपैस बसे. आपलीही पाळी येणार, हे विठोजींनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. मोटार दारात वळावी म्हणून त्यांच्या बायकोनं, सकवारबाईंनी, तुळससुद्धा मागच्या अंगणात हलवली होती.

मग ब्याण्णवच्या सुमाराला व्हीआरएस आली. मुदतीआधी नोकरी सोडा आणि रोख घ्या. कॅन्टीनमधला चहा वादात गार व्हायला लागला.

"गोल्डन हँडशेक म्हणे!" विठोजी गरजत. "अरे, सरकार आपणहून कुणाला पैसा देतं काय? कुठंतरी पाणी मुरतंय. हात हातात घेतात आणि तसंच धरून फाटकाबाहेर नेऊन सोडतात. पेन्शन म्हणजे उलट उत्तर न देणारा मुलगा. शेवटपर्यंत थांबेल त्यालाच सांभाळतो."

"पण अण्णा, कारखाना थांबतो काय शेवटपर्यंत?" साहेबांचा ड्रायव्हर यल्लाप्पा म्हणाला. त्याच्या घरी तीन मुली होत्या आणि डोक्यात स्वतःची रिक्षा. "स्वल्प विचार करा की."

विठोजींनी विचार केला आणि समितीत ठराव आणला: मुदतीआधी जाणाऱ्याला हार नाही, पेटा नाही, मोटार तर नाहीच. टाळ्यांच्या गजरात ठराव मंजूर झाला, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या निम्म्यांनी पुढच्याच महिन्यात अर्ज टाकले. यल्लाप्पाही गेला. इतकी वर्षं पेटेवाल्यांना घरी पोचवणारा तो माणूस शेवटच्या दिवशी डबा काखेत मारून चालत फाटकाबाहेर पडला. विठोजी भांडाराच्या खिडकीतून "पळपुटा!" म्हणून हसले. ते हसणं काही चांगलं नव्हतं.

पुढं कॅन्टीनला कुलूप लागलं. भांडारात माल येईना. विठोजी रिकाम्या फळ्या झाडत बसले, पण जागचे हलले नाहीत. मोटार शेडमध्ये उभी होती ना!

शहाण्णवच्या उन्हाळ्यात अखेर पाळी आली. समितीत उरले होते एकटे तेच. तेव्हा पेटा त्यांनी स्वतःच आणला, स्वतःच डोक्यावर ठेवला. नव्या साहेबांनी घड्याळाकडे बघत हार घातला.

"आणि मोटार?" विठोजींनी विचारलं.

"शेडमध्ये आहे, न्या की. पण चालवणार कोण? ड्रायव्हरची जागा यल्लाप्पा गेल्यापासून रिकामीच आहे. मी तर रोज माझ्या मारुतीनं येतो-जातो."

हार-पेट्यासह विठोजी फाटकाबाहेर रस्त्यावर उभे राहिले. यल्लाप्पा आता तिथंच रिक्षा लावत असे. त्यानं पुढं आणली. "या, अण्णा." आत शिरताना पेटा टपाला अडकला.

गल्लीचं तोंड आलं तसे विठोजी हळूच म्हणाले, "इथंच सोड. चालत जातो."

"नको. चालत घरी जाताना कसं वाटतं, मला ठाऊक आहे." यल्लाप्पानं भोंगा वाजवत रिक्षा थेट दारात नेली.

सगळी गल्ली बाहेर आली होती. सकवारबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी रिक्षाच्या मागं वाकून पाहिलं.

"मोटार मागनं येतीय काय, हो?"

विठोजी पेटा सावरत रिक्षातून उतरले. मग म्हणाले, "मोटार नाही येत. ड्रायव्हर मात्र तोच आहे. आधी त्याला ओवाळ. त्याचं राहिलंय, माझ्यामुळं."

सकवारबाईंनी यल्लाप्पाला कुंकू लावलं. तो मान खाली घालून हँडल धरून बसला होता. विठोजींनी आपला हार काढून त्याच्या गळ्यात घातला. पेटा मात्र काढला नाही. माणूस काही तेवढा बदलला नव्हता.