दट्ट्या वर येईना

डिझेलच्या वासाची मला किळस आहे, हे मी लग्न ठरायच्या आधीच सांगितलं होतं. सांगितलं ते माझ्या मावशीला, आणि तिने ते पोटात ठेवलं. त्यामुळे गेली एकतीस वर्षं मी डिझेल इंजिनाच्या मिस्त्रीबरोबर संसार करते आहे. उशीच्या अभ्र्याला तो वास, दाराच्या कडीला तो वास, बँकेच्या पासबुकालासुद्धा तोच. आमचे हे आधी रॉकेलने, मग साबणाने कोपरापर्यंत हात धुतात, तरी जेवायला बसले की पेट्रोल पंपावर ताट वाढल्यासारखं वाटतं.

सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, मीही म्हणते. घराला लागून पत्र्याची शेड आहे, तिच्यात एक खड्डा, एक शेगडा आणि भिंतभर टांगलेले पाने. ज्या जुन्या डिझेल गाड्यांना पाहून बाकीचे गॅरेजवाले काखा वर करतात, त्या सगळ्या आमच्या दारात येऊन उभ्या राहतात. मिस्त्री आधी पान्याला हात लावत नाहीत. स्टुलावर बसून तीन प्रश्न विचारतात. गाडीला शेवटचा हात कुणाचा लागला? बंद नेमकी कुठे पडली? डिझेल कधी, कुठे भरलं? घाईतली माणसं यावर वैतागतात, आणि ती वैतागली तरी हे स्टुलावरून हलत नाहीत.

त्यांची दुसरी खोड याहून वाईट. बिघाड सापडला की तो धुऊन-पुसून वर्तमानपत्रावर ठेवायचा, मालकाला समोर बोलवायचं आणि दाखवायचं. चिरलेली नळी असो की झिजलेला वायसर, मालकाने डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी त्याच्या ताब्यात द्यायची नाही. तरुणपणी ज्या उस्तादाकडे ते शिकले, तो चांगले भाग काढून घ्यायचा आणि खराब झाले म्हणून सांगायचा. त्या माणसाची यांना इतकी शिसारी बसली की ही वर्तमानपत्राची सवय आयुष्यभर चिकटली. मला तिचा अभिमान होता. होता म्हणते, कारण त्या शुक्रवारी ती सवय आमच्याच घरात उलटली.

त्या शुक्रवारी सकाळी दहाला वन्संची गाडी दोराने ओढत आली. वन्सं म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण, वय अडुसष्ट. पुढच्या गाडीत त्यांचा मुलगा, मागे ओढल्या जाणाऱ्या गाडीत स्टिअरिंग धरून ताठ बसलेल्या वन्सं. यजमान गेल्यापासून ती गाडी त्यांनी एकटीने सांभाळली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी पुलापलीकडच्या वस्तीत त्या शिवणाचा वर्ग घ्यायच्या. डिकीत दोन शिलाई मशिनं आणि कापडाचं गाठोडं. तिकडे बस जाते, पण मशिनं घेऊन बसमध्ये कोण चढू देतं? गाडी गेली की वर्ग गेला, आणि वर्ग गेला की वन्संनी दिवसभर सुनेच्या स्वयंपाकघराच्या दारात बसायचं, असा सरळ हिशोब होता.

आमचा भाचा पत्रे ठोकायच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथल्या दणदणाटाने कान जाऊ नयेत म्हणून कानात घालायला स्पंजाचे नारिंगी बोळे मिळतात, दोरीला जोडलेले. ती दोरी सुट्टीच्या दिवशीही त्याच्या गळ्यात असते. शाळेत असताना सुट्टीत तो आमच्याकडेच पडून असायचा. फिल्टर बदलणं, नळ्या काढणं, क्लिपा आवळणं सगळं मामाकडूनच शिकला. बोलायला फार गोड. मला गोड माणसांचा मुळात उबग आहे, पण भाचा म्हणून मी आजवर गप्प बसत आले.

त्याने सांगितलं ते असं. आठवडाभर गाडी सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडायची, परवापासून सुरूच होत नाही. नव्या गॅरेजमध्ये दाखवली, ते म्हणाले डिझेलचा पंप गेला, आता या गाडीत जीव नाही. भंगारवाल्याशी बोलणं झालंय, तो चारला येईल. "तुम्ही एकदा बघून घ्या, मामा, म्हणजे आईच्या मनाला समाधान," तो म्हणाला. समाधान हा शब्द त्याने अशा काही आवाजात उच्चारला की मी आत जाऊन उगाच भांडी आपटली.

मिस्त्रींनी स्टूल ओढलं आणि विचारलं, बंद कुठे पडली. वन्सं मुलाकडे पाहत म्हणाल्या, घराजवळच, वळणावर. मग त्याचा फोन वाजला आणि तो रस्त्यावर गेला. तेवढ्यात त्या पुढे वाकून हळू आवाजात खरं बोलल्या. गाडी पहिल्यांदा बंद पडली ती पुलाच्या चढावर. मागे खडीचा ट्रक होता. त्याने करकचून ब्रेक मारला, आणि तरी तो मागच्या काचेत एवढा मोठा दिसला की त्यांनी डोळे मिटून घेतले. ट्रकवाल्याने आणि आणखी दोघांनी गाडी ढकलून कडेला लावली. "त्याला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "कळलं तर किल्ली काढून घेईल. गाडीचा दोष आहे, तू काढून टाक, म्हणजे झालं."

मिस्त्री उठले. त्यांनी मला किल्ली देऊन सेल्फ मारायला सांगितलं आणि स्वतः सायलेन्सरपाशी उकिडवे बसले. इंजिन जोरात फिरत होतं, म्हणजे बॅटरी ठणठणीत. पण सायलेन्सरमधून धुराचा एक धागा नाही. डिझेल आत पोचलं असतं तर जळो न जळो, पांढरा धूर तरी आला असता. म्हणजे गाडी उपाशी आहे, इतकं ठरलं. नुसती किल्ली फिरवल्यावर पंपाच्या बंद-चालू करणाऱ्या झडपेचा टिक असा आवाजही नीट आला.

मग त्यांनी मला बोलावून दाखवलं. कौतुकाने दाखवत होते, आणि मी पदर नाकाला लावून पाहत होते. फिल्टरच्या डोक्यावर बोटाने दाबायचा एक दट्ट्या असतो. तो दाबला की टाकीतून डिझेल ओढलं जातं आणि दट्ट्या पुन्हा वर येतो. कुठे नळी चिरून हवा येत असेल तर तो पोकळ लागतो, लगेच उसळतो. हा दाबला तो खालीच बसला, आतून कुणी धरून ठेवल्यासारखा. "हवा नाही. मागे कुठेतरी वाट बंद आहे," मिस्त्री म्हणाले. नव्या गॅरेजवाल्यांनी हा दट्ट्या एकदा तरी दाबून पाहिला असता तर कळलं असतं. पण त्यांना बॉनेटच्या पलीकडून गाडीला मृत्यूचा दाखला द्यायची सवय. अशा लोकांच्या हातात पाना शोभत नाही.

पंप खरंच गेलाय का, हे बघायला त्यांनी टाकीचा नादच सोडला. स्वच्छ डिझेलचा कॅन बॉनेटवर टांगला, पारदर्शक नळीने तो थेट पंपाला जोडला, हवा काढली आणि सेल्फ मारला. चौथ्या झटक्याला गाडीने पांढरा धूर ओकला आणि ती सुरू झाली. शेड थरथरली. वन्सं खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या. भाचा फोन संपवून आत आला तो हे बघून दारातच थबकला. "अरे वा," तो म्हणाला. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

राहिली टाकीपासून फिल्टरपर्यंतची नळी. मिस्त्रींनी ती फिल्टरपाशी सोडवली आणि चक्क तोंडात धरून उलटी फुंकली. हे त्यांचं मला कधीच बघवत नाही. वाट मोकळी असली तर टाकीत बुडबुड ऐकू येते. वन्सं टाकीच्या तोंडाशी कान लावून बसल्या होत्या, काहीच ऐकू आलं नाही. डिझेल थुंकत, तोंड पुसत मिस्त्री खड्ड्यात उतरले.  मग त्यांनी मला खाली हाक मारली, एकटीला.

टाकीला लागून रबरी नळीचा एक तुकडा असतो, दोन्ही टोकांना क्लिप. क्लिप गंजून तांबडी झालेली, पण तिच्या स्क्रूच्या खाचेत ताजी चकाकी. नुकताच कुणीतरी तो फिरवला होता. मिस्त्रींनी मूठ उघडली. हातात डिझेल पिऊन फुगलेला, काळपट झालेला एक स्पंजाचा बोळा होता. मधून चिरला तेव्हा आतला रंग दिसला, नारिंगी. एका टोकाला कापलेल्या दोरीचा तुकडा शिल्लक होता. कोरडा असताना त्यातून थोडं डिझेल झिरपत राहिलं, म्हणून गाडी आधी बरीच लांब गेली, मग दोनच मिनिटं चालायची. जसजसा फुगला तसतशी वाट बंद होत गेली.

गाड्यांमधली घाण मी कमी पाहिलेली नाही. टाकीतला काळा चिकट गाळ पाहिलाय, फिल्टरमध्ये सडलेला उंदीर पाहिलाय. पण त्या बोळ्याइतकं घाणेरडं काही पाहिलं नव्हतं. त्याला आईचं गाडी चालवणं नको होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडाने एकदा नीट बोलायची धमक नव्हती, म्हणून मामाने शिकवलेल्या हाताने त्याने आईच्या गाडीच्या घशात बोळा कोंबला होता.

"काय करू?" मिस्त्रींनी विचारलं. एकतीस वर्षांत कामातलं त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं. "गाळ अडकला होता म्हणून सांगतो. त्याला एकट्याला गाठून नंतर बघतो."

मी म्हणाले, "दाखवा. सगळ्यांना दाखवता, मग बहिणीलाच का नाही?"

हे मी म्हणाले. संतापाने म्हणाले, न्यायाने नाही, हे मला आता कळतं.

त्यांनी वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर चिरलेला बोळा ठेवला आणि बहिणीला बोलावलं. काय होतं, कुठे होतं, एवढंच सांगितलं. कुणी घातलं ते सांगावं लागलं नाही. वन्संनी बोळ्याकडे पाहिलं, मग मुलाच्या गळ्यातल्या दोरीकडे. भाच्याने दोरी शर्टात सरकवली. तेवढी अक्कल त्याला आता आली.

तो बोलायला लागला. काळजीपोटी केलं, आई. तुझी नजर पूर्वीसारखी नाही. मागच्या महिन्यात फाटकाला गाडी घासलीस. तुला सांगून तू ऐकत नाहीस. गाडी आपोआप बंद पडली तर तुलाही वाईट वाटणार नाही, असं वाटलं. गोड आवाजात, ओळीने, पाठ केल्यासारखं.

वन्संनी त्याचं बोलणं संपू दिलं. "पुलाच्या चढावर बंद पडली ती," त्या म्हणाल्या. "मागे खडीचा ट्रक होता."

 भाचा खड्ड्याच्या काठावर मटकन बसला, आणि त्या एका क्षणापुरती मला त्याची दया आली.

मिस्त्रींनी नवी नळी, नव्या क्लिपा बसवल्या. दट्ट्या उसळून वर आला, गाडी एका झटक्यात सुरू झाली. दोन वाजले होते, वर्गाला वेळ होता. भाचा म्हणाला, मी सोडतो. वन्सं म्हणाल्या, तू नको, तू भंगारवाल्याला परत पाठव. मिस्त्री त्याच कपड्यांत शेजारी बसले, मी मागे, डिकीतल्या मशिनांना धक्का लागू नये म्हणून हात लावून. वन्सं छान चालवत होत्या. चढ सुरू व्हायच्या आधी त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

आम्ही थांबलो. ट्रक जात होते आणि प्रत्येकाबरोबर गाडी हलत होती. मग वन्सं भावाला म्हणाल्या, "बिघाड असता तर मला भीती नव्हती रे. बिघाड तू काढतोस. आता दर वेळी वाटणार, आज काय घातलं असेल." त्यांनी किल्ली काढून भावाच्या हातात दिली आणि उतरून दुसऱ्या बाजूने येऊन बसल्या.

त्यानंतर ती गाडी एकदाही बंद पडलेली नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मिस्त्री शेड बंद करून बहिणीला पुलापलीकडे नेतात आणि वर्ग संपेपर्यंत दाराबाहेर बसून राहतात. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. गाळ म्हणून सांगू दिलं असतं, तर त्या अजून चालवत असत्या. नाहीतर त्याने पुन्हा काही घातलं असतं. मला ठरवता येत नाही, आणि या न ठरण्याचीही मला किळस येते.

परवा नात्यातल्या एका कार्याला सगळे जमलो होतो. कुणीतरी वन्संच्या गाडीचं विचारलं. भाचा माझ्यासमोर, मिस्त्रींसमोर, आईसमोर, ताटातला घास मोडत शांतपणे म्हणाला, "आईने वयाचा विचार करून आपणहून सोडली." किती समजूतदार, असं म्हणत सगळ्यांनी माना डोलावल्या. वन्संनीही मान डोलावली.