अख्खा वॉर्ड म्हणजे एकच माणूस

नुआला नी-लाइडन चिडली की आयर्लंडमधल्या गॉलवे शहरातल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात सगळ्यात आधी चहाच्या कपाला कळायचं. जावा भाषेत कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहून केस पिकले, पण आवाज अजून तिच्या कॅरारो गावच्या बोटींच्या धक्क्यावरचा, वाऱ्याच्याही वर चढणारा. त्या शुक्रवारी कप आपटला तेव्हा फोनवर हॉस्पिटलच्या वॉर्डातली सिस्टर अट्रॅक्टा होती. कुठल्या पेशंटला कुठलं औषध चालत नाही, याचा लाल इशारा देणारं तिथलं मशीन नुआलाच्याच ऑफिसचं.

"अगं बाई, तुमचं मशीन खुळावलंय का? आठवडाभर सगळा वॉर्ड लाल! कोलमनला साधं पेनिसिलिन द्यायला गेले, तर म्हणतं अ‍ॅलर्जी आहे, देऊ नका!"

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? लालकडे बघायचंच सोडलं!" सिस्टरने फोन आपटला.

नुआलाने वॉर्डची यादी उघडली. त्या लाल इशाऱ्यांत काही खरेही असणार. ते कोणते?

ऑफिसचा मालक फिंटन टाय बांधत आला. "दुपारी हॉस्पिटलची माणसं येतायत. इशारे बंद करून टाक. सोमवारी बघू."

"बंद? आणि खऱ्या अ‍ॅलर्जीवाल्याला भलतंच टोचलं तर?"

"मशीनचं डोकं फिरलंय, नुआला."

"तुझं फिरलंय! आपण सांगितलेल्या नियमांवरूनच ते पुढचे निष्कर्ष काढतं. कुणीतरी त्याला काहीतरी भलतं सांगितलंय."

मशीनला एक चांगली सवय होती: "कशावरून?" विचारलं की ते कारण सांगायचं. नुआलाने दात-ओठ खात विचारलं. कोलमनला पेनिसिलिन चालत नाही, कशावरून? फेस्टीला चालत नाही, आणि कोलमन म्हणजेच फेस्टी. कशावरून? दोघेही चार नंबरच्या खाटेवर, आणि एका खाटेला एकच पेशंट.

कोलमनला खिडकीजवळच्या खाटेवर हलवलं होतं, त्याच्या जागी फेस्टी आला होता, पण जुनी नोंदही तशीच राहिली होती. खिडकीजवळ आधी तिसराच कुणी होता. खाटेला खाट जोडत मशीनने अख्ख्या वॉर्डाचा एक माणूस केला होता, आणि सगळ्यांच्या अ‍ॅलर्ज्या त्या एकट्याच्या माथी मारल्या होत्या.

नुआलाच्या गावात कोलमन पैशाला पासरी. म्हणून 'टॉमच्या मार्टिनचा कोलमन' असं बाप-आजा लावून सांगायचं. हा वेगळा, तो वेगळा, हे तोंडाने बोलायचं. या मशीनलाही ते कुणीतरी सांगायला लागतं.

"एका खाटेला एकच पेशंट! हा नियम कुणी घातला?"

फिंटनची टायची गाठ अर्धवटच राहिली. "मी. मागच्या आठवड्यात. एका खाटेवर दोघं नोंदले गेले तर मशीन ओरडेल, म्हणून..."

"ओरडेल? ते ओरडत नाही रे, ते विश्वास ठेवतं! तू म्हणालास एकच, त्याने दोघांना एक केलं!"

तिने नियम उपटून काढला, प्रोग्रॅम पुन्हा चालवला. लाल इशारे विरले. मोजकेच उरले; त्यातला एक फेस्टीच्या नावापुढे, पेनिसिलिनचा.

"बघ," फिंटन हसला, "छोटीशीच चूक होती."

नुआलाने वॉर्डचा नंबर फिरवला आणि फोन त्याच्या छातीवर दाबला. "सांग तिला. आता लालकडे बघा म्हणावं. आणि आठवडाभर बघणं का सोडावं लागलं, तेही तूच सांग."

"अगं, पण मी काय..."

"हॅलो? कोण आहे?" पलीकडून सिस्टर करवादली. "लवकर बोला! फेस्टीचं पेनिसिलिनचं इंजेक्शन भरून हातात धरलंय!"

"थांबा!" फिंटन किंचाळला. "सिस्टर, टोचू नका! चूक माझी आहे!"