ट्रेलरची अर्थिंग

पिशोरच्या शाळेच्या मैदानात आमचा एक्स-रे ट्रेलर उभा होता आणि आतली मशीन ‘अर्थ फॉल्ट’चा लाल दिवा दाखवून अडून बसली होती. बाहेर बायकांची रांग. मी मेंटेनन्सवाला, चिकलठाण्याहून ट्रेलरबरोबर आलेला. ट्रेलर उभा असतो रबरी टायरांवर. बॉडीत करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला वाट लागते. ती वाट म्हणजे अर्थिंग. ती नसेल, तर बॉडीला हात लावणारा माणूसच वाट होतो.

मी ट्रेलरच्या शिडीजवळ अर्थिंगचा रॉड जमिनीत ठोकत होतो. पाणी ओतूनही मुरूम दाद देईना. तेवढ्यात शिबिराचे आयोजक डोंगरे साहेब हसत आले. मागे गावचा वायरमन काशिनाथ.

“झाली मशीन चालू! आपल्या काशिनाथनं केली.”

“काय केलंस रे?”

“सॉकेटमधी न्यूट्रल अन् अर्थला लूप मारला सायेब. लई ठिकाणी चालतंय.”

लूप मारला, म्हणजे दोन्ही एका तारेनं जोडले, की मशीन फसते, दिवा विझतो. पण करंट परत नेणारी न्यूट्रल मागं कुठं सुटली, तर करंट थेट ट्रेलरच्या पत्र्यात. मी वळून बघितलं. दवाखान्यात जायचं म्हणून एका मावशीनं चपला खाली काढल्या होत्या. मी ओल्या केलेल्या मातीत ती अनवाणी उभी होती आणि शिडीच्या लोखंडी दांड्याकडे हात नेत होती.

“मावशी, हात लावू नका!”

तिनं दचकून हात मागं घेतला. मी पळत जाऊन शाळेच्या व्हरांड्यातला मेन स्विच पाडला.

डोंगरे भडकले. “अहो, बाया मजुरी बुडवून आल्यात! झालं का कुणाला काही? नाय ना?”

“होऊ नये म्हणूनच बंद केलं. माझी तक्रार करा खुशाल.”

शाळेची खरी अर्थिंग शोधायला मी काशिनाथकडून बोर्ड उघडून घेतला. त्यानं न्यूट्रलला नुसतं बोट लावलं, तर जळून काळी पडलेली वायर स्क्रूतून निसटून त्याच्या हातात आली. “आरं बापरे,” म्हणत तो पायरीवरच बसला.

न्यूट्रल नवी बसवली. लूप काढला. शाळेच्या अर्थिंगच्या खड्ड्यापासून ट्रेलरच्या बॉडीपर्यंत वेगळी जाड वायर ओढली, मीटर लावून तपासली. शिबिर दुपारी सुरू झालं.

एक्स-रे काढून मावशी दांडा धरून खाली उतरली.

“एवढ्याशा वायरीला इतका येळ लावतेत व्हय?”

“चुकलं मावशी,” मी म्हणालो.

आमच्या कामात काहीच घडलं नाही, की बोलणी बसतात. ती मुकाट खावीत.